गिलसाहेबाचे दोन डोळे

सुरत-भुसावळ लाइनीवर राहणारे आपण अमळनेरकर भुसावळला जातो ते बहुधा गाडी बदलायला, नाहीतर नातेवाइकांकडे. तिथल्या जुन्या युरोपियन दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल याचं थडगं आहे. ते बघायला मुद्दाम जाणारा माणूस विरळाच. गिलचं नाव आपल्याला ठाऊक आहे ते पारोमुळे. ना. धों. महानोरांनी त्या दोघांवर दीर्घकाव्य लिहिलं, नितीन चंद्रकांत देसाईंनी 2012 मध्ये चित्रपट काढला आणि अजिंठ्याचा चित्रकार गिल घराघरात पोहोचला. त्याच गिलच्या हातात आयुष्याच्या उत्तरार्धात कॅमेरा आला, हे मात्र फारसं कुणाला आठवत नाही. आज त्याच्याविषयी लिहितोय ते आरोग्याच्या सदरात, आणि त्याचं कारण लेखातच पुढे येईल.

गिलचा जन्म 1804 चा. तरुणपणी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाला. हात चित्रकाराचा होता आणि नेम शिकाऱ्याचा. 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली, त्यानंतर ती बघायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि भिंतींची नासधूसही सुरू झाली. वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे हे गाऱ्हाणं मांडलं. चित्रं नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करून ठेवायचं ठरलं आणि 1844 मध्ये ते काम कॅप्टन गिलकडे आलं. तेव्हा तो चाळिशीचा होता.

अजिंठा गावातली बारादरी हे त्याचं घर झालं. गाव घाटमाथ्यावर, निजामाच्या मुलखात. लेण्यांच्या पायथ्याशी वाघूर नदी. हीच वाघूर पुढे खानदेशात उतरून तापीला मिळते. त्या अर्थाने गिल आपल्याच पाणलोटात राहत होता म्हणायला हरकत नाही. लेणी अंधारी, आत वटवाघळं, भिंतींवर धुराची काजळी. अशा ठिकाणी प्रचंड कॅनव्हास पसरून तो वर्षानुवर्षं तैलरंगांत नकला करत राहिला. याच काळात पारो त्याच्या आयुष्यात आली. 1856 च्या मे महिन्यात ती गेली. अजिंठा गावात तिची समाधी आहे आणि तिच्यावर गिलने तिचं नाव कोरून घेतलं आहे. त्याचं विलायती कुटुंब होतं हे लक्षात घेतलं, तर त्या काळातल्या गोऱ्या अधिकाऱ्याने एका स्थानिक स्त्रीचं नाव असं उघडपणे दगडावर घालणं ही साधी गोष्ट नव्हती. त्यापलीकडची बरीचशी कहाणी लोकांनी आणि कवींनी रचलेली आहे, ती त्यांच्याकडेच राहू द्यावी.

साधारण पन्नाशीनंतर गिलने कॅमेरा हाती घेतला. ते वय मला ओळखीचं आहे. डोळ्यातलं भिंग पन्नाशीला ताठर होतं. दहा वर्षांचं मूल मुंगी सात-आठ सेंटिमीटरवर धरून स्पष्ट बघू शकतं. पन्नाशीच्या माणसाला तीच मुंगी हातभर लांब न्यावी लागते, आणि तोवर ती मुंगी राहत नाही, ठिपका होते. यालाच आपण चाळिशी लागली म्हणतो. अंधाऱ्या गुहेत बारीक रेषा उतरवणाऱ्या चित्रकाराला ही अडचण किती जाचत असेल याची कल्पना येते. कॅमेऱ्याच्या भिंगाला चाळिशी लागत नाही.

त्या काळी सगळीकडे चालणारी पद्धत ओल्या काचेची होती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ती 1851 मध्ये जाहीर केली आणि पेटंट घेतलं नाही, त्यामुळे ती झपाट्याने पसरली. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, मग ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचं आणि लगेच तंबूतल्या अंधारात धुवायची. काच वाळली की सगळं फुकट. म्हणजे फोटो काढायला निघालेला माणूस अख्खी प्रयोगशाळा बैलगाडीवर लादून नेत असे.

डॉक्टर म्हणून मला या प्रयोगशाळेची गंमत वाटते ती वेगळ्याच कारणाने. तिथल्या बाटल्या आमच्याही ओळखीच्या आहेत. कलोडियन म्हणजे रसायनात मुरवलेला कापूस, ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळवलेला. फोटोत येण्याआधी काही वर्षं ते जखमेवर ओतायच्या पातळ पट्टीसारखं वापरलं जात होतं. आजही पायाच्या भोवरीवर किंवा चामखिळीवर लावायची जी औषधं वाळून पापुद्रा धरतात, त्यांतल्या काहींत ते असतं. ईथरने तर 1846 मध्ये शस्त्रक्रियेतली वेदनाच संपवली. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब 1880 च्या सुमारास जर्मनीत क्रेडे या डॉक्टरने नवजात बाळांच्या डोळ्यांत घालायला सुरुवात केली आणि जन्मताच होणाऱ्या संसर्गाने येणारं अंधत्व एकदम घटलं. फोटोवाल्यांची बोटं याच रसायनाने काळी पडलेली असत. ते डाग काढायला आणि चित्र पक्कं करायला कित्येक जण चक्क पोटॅशियम सायनाइड वापरत. त्यापायी जीवही गेले आहेत.

आता ईथरची एक गोष्ट आपल्या भागाशी थेट निगडित आहे. ईथर सुमारे 35 अंश सेल्सिअसला उकळतं. लंडनमध्ये याची कुणाला फिकीर नसे. खानदेशात मार्चपासून पारा पस्तिशी ओलांडतो, मे महिन्यात तो बेचाळीस-त्रेचाळीसला असतो. सावलीत ठेवलेल्या बाटलीचं बूच उडावं असं हवामान. म्हणून गरम देशांतले फोटोवाले ईथर कमी आणि अल्कोहोल जास्त घेत, आणि काम पहाटे उरकत. चित्र बिघडणं ही लहान अडचण होती, तंबूत कोंडलेली ईथरची वाफ आणि जवळ पेटलेला दिवा ही मोठी. तरीही या मुलखात राहून गिलने शेकडो छायाचित्रं घेतली.

त्यांतली पुष्कळशी जोडचित्रं होती, ज्यांना स्टिरिओ म्हणतात. इथे जरा थांबू.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. उजवा डोळा वस्तू किंचित उजवीकडून बघतो, डावा डावीकडून. मेंदू ही दोन वेगळी चित्रं एकावर एक बसवतो आणि त्यांच्यातल्या फरकावरून वस्तू किती लांब आहे ते ताडतो. चार्ल्स व्हीट्स्टन या शास्त्रज्ञाने 1838 मध्ये हे दाखवून दिलं. दोन सपाट चित्रं, प्रत्येक डोळ्याला ज्याचं त्याचं, अशी दाखवली की मेंदू फसतो आणि कागदातून खांब उभा राहतो. पुढे ब्रूस्टरने त्याचं हातात धरायचं छोटं यंत्र केलं आणि 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनानंतर त्याचं वेड युरोपभर पसरलं. आमच्या लहानपणी बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेत पैसे देऊन डोळ्याला लावायचं जे खेळणं मिळे, दांडी ओढली की ताजमहाल बदलून कुतुबमिनार येई, ते याच घराण्यातलं.

जोडचित्र घ्यायला दोन भिंगांचा कॅमेरा लागे, नाहीतर एकच कॅमेरा थोडा सरकवून दोनदा चित्र घ्यावं लागे. लेण्यांसाठी ही पद्धत किती योग्य होती ते तिथे जाऊन आलेल्यांना सांगायला नको. सपाट फोटोत खांबांच्या रांगा एकमेकींत मिसळून जातात. जोडचित्रात पहिला खांब, त्यामागचा दुसरा, त्यापलीकडचा स्तूप असं सगळं सुटं होतं आणि आपण आत चालत गेल्यासारखं वाटतं.

1864 मध्ये लंडनमध्ये गिलच्या छायाचित्रांची दोन पुस्तकं निघाली. दोन्हींतला मजकूर त्याच फर्ग्युसनचा. एक भारतातल्या कोरीव लेण्यांवर. दुसऱ्यात पश्चिम भारतातली वास्तुकला आणि निसर्गसृष्टी दाखवणारी शंभर जोडचित्रं. आपल्या परिसरात राहणाऱ्या माणसाने निसर्ग कॅमेऱ्यात घेऊन छापील पुस्तकात आणण्याचं इतकं जुनं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. पण त्यावरून आजच्या वन्यजीव छायाचित्रकारांची आठवण काढू नये. ओल्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ जिवंत जनावर कॅमेऱ्यासमोर स्तब्ध बसत नाही. त्यामुळे त्या काळातली प्राण्यांची छायाचित्रं बहुतेक शिकार झालेल्या प्राण्यांची असत. आणि गिल तर नामांकित शिकारी होता, त्याने मारलेल्या वाघांचा आकडा शंभराच्या वर सांगतात. अजिंठ्याच्या डोंगरात आज तसा वाघ राहिलेला नाही. हे वाचून गिलबद्दलचं माझं कौतुक थोडं आटतं, आणि ते आटावं हेच बरं.

त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घाव 1866 चा. वीस वर्षं खपून केलेल्या त्याच्या तैलचित्रांपैकी बहुतेक लंडनला पाठवली होती आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. तिथे आग लागली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रं वाचली, ती आता व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. तेव्हा गिल बासष्ट वर्षांचा होता. जोडचित्रांचं पुस्तक मात्र दोन वर्षं आधीच छापून झालं होतं, त्याच्या प्रती ठिकठिकाणी पोहोचल्या होत्या, म्हणून ती चित्रं टिकली. त्याची छायाचित्रं आज ब्रिटिश लायब्ररीतही आहेत. एकुलती एक नकल जळाली की संपलं, हे आमच्याकडे जुने केसपेपर घरी विसरून येणाऱ्या पेशंटांना मी नेहमी सांगतो. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या नव्याने नकला केल्या, आणि 1885 मध्ये त्यांतल्याही बऱ्याच लंडनमध्ये आगीतच गेल्या.

आगीनंतरही गिल इथेच राहिला, काम करत राहिला. 1879 मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो वारला आणि भुसावळला पुरला गेला.

आता जोडचित्राकडे परत येतो, कारण आमच्या ओपीडीत ते अजून जिवंत आहे. डोळ्यांच्या तपासणीत एक जाडसर पुठ्ठ्याचं पान असतं. त्यावर घरमाशीचा भलामोठा फोटो. अगदी जवळून घेतलेला, पंखांच्या शिरा आणि पायांवरचे केस दिसतील असा. प्रत्यक्षात ते जोडचित्र असतं, एकावर एक छापलेलं. मुलाला ध्रुवीकरणाच्या काचांचा चष्मा घालतात आणि पान त्याच्यापासून चाळीस सेंटिमीटरवर धरून माशीचे पंख चिमटीत पकडायला सांगतात. ज्याचे दोन्ही डोळे मिळून काम करतात त्या मुलाची चिमूट कागदाच्या वर, हवेतच मिटते. पुष्कळ मुलं दचकून हात मागे घेतात. ज्याचा एक डोळा काम करत नाही, त्याचं बोट सरळ कागदावर टेकतं. त्याला ती फक्त छापलेली माशी दिसते.

असा काम न करणारा डोळा बाहेरून पुष्कळदा अगदी सुरेख दिसतो. याला आळशी डोळा म्हणतात. शंभर मुलांत साधारण दोन-तीन मुलांना तो असतो. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा खूप वेगळा असेल, तिरळेपणा असेल, किंवा जन्मजात मोतीबिंदू असेल तर मेंदूला त्या डोळ्याकडून अस्पष्ट चित्र येत राहतं. मेंदू काही काळ सोसतो आणि मग त्या डोळ्याचं ऐकणंच बंद करतो. मूल तक्रार करत नाही, कारण चांगला डोळा सगळं निभावून नेतो. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू लवचीक असतो. तोवर योग्य चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, एवढ्याने बहुतेक मुलांची नजर पुष्कळ सुधारते. पुढे ते उत्तरोत्तर अवघड होतं. मोठेपणी नुसता चष्मा लावून तो डोळा जागा होत नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, दुसऱ्या गावी, एक आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. पोरगा पाणी ओतताना पेल्याच्या बाहेर ओततो, झेल सुटतात, अशी तिची तक्रार. मी दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याला तक्ता वाचायला लावला, त्याने घडाघडा वाचला, आणि वेंधळेपणा आहे, वाढेल तसा जाईल, असं सांगून मी त्यांना परत पाठवलं. एकेक डोळा झाकून बघायचे कष्ट घेतले नाहीत. पोरगा पुन्हा माझ्यासमोर आला तो तेरा वर्षांचा होऊन, चांगल्या डोळ्याला चेंडू लागला म्हणून. तेव्हा दुसऱ्या डोळ्याने त्याला तक्त्यावरचं फक्त सगळ्यात वरचं अक्षर दिसत होतं. चांगला डोळा सुदैवाने वाचला. त्या दिवसापासून एक डोळा झाकल्याशिवाय मी कुठल्याही मुलाची नजर तपासत नाही.

घरी करून बघता येईल असा एक सोपा प्रयोग सांगतो. दोन पेन्सिली घ्या. एक तुम्ही मुलासमोर उभी धरा, टोक वर. दुसरी मुलाच्या हातात द्या आणि तिचं टोक वरून आणून तुमच्या टोकावर अलगद टेकवायला सांगा, पटकन. दोन्ही डोळे उघडे असतील तर बहुतेक मुलांना ते सहज जमतं. मग एक डोळा झाकून पुन्हा करायला सांगा, टोक चुकेल. दोन्ही डोळे उघडे असतानाही मूल वारंवार चुकत असेल, किंवा एका ठरावीक डोळ्यावर हात ठेवला की चिडत असेल, हात झटकत असेल, तर नेत्रतज्ज्ञाला दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आणि ज्यांचे दोन्ही डोळे धड आहेत त्यांनी गिलचा खेळ स्वतः खेळून बघावा. यंत्र लागत नाही, खिशातला फोन पुरतो. समोर दोन मीटरवर झाड असेल तर वजन डाव्या पायावर टाकून एक फोटो घ्या, मग उजव्या पायावर टाकून दुसरा. फोन साधारण सहा-सात सेंटिमीटर सरकतो, म्हणजे दोन डोळ्यांतल्या अंतराइतकाच. जवळच्या वस्तूसाठी हे अंतर कमी करावं लागतं, नाहीतर दोन चित्रं इतकी वेगळी पडतात की मेंदूला ती जुळवता येत नाहीत. ढोबळ नियम असा, की वस्तू जितकी लांब त्याच्या तिसाव्या भागाइतका फोन सरकवायचा. कपाशीचं फूल तीस सेंटिमीटरवर असेल तर फक्त एक सेंटिमीटर. दोन्ही फोटो सहा सेंटिमीटर रुंदीचे शेजारी-शेजारी छापा, डाव्या जागेवरून घेतलेला डावीकडे. मध्ये एक पोस्टकार्ड उभं धरा, त्याच्या कडेला नाक लावा आणि लांब क्षितिजाकडे बघावं तशी नजर सैल सोडा. चाळिशीचा चष्मा असेल तर तो घालून. थोड्या वेळाने दोन चित्रं सरकत एकमेकांवर येतात आणि पाकळी कागदातून वर उठते.

याहून जवळ जायचं असेल तर सराफाचं भिंग घ्या. सोन्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगावाजवळ राहणाऱ्यांना ते मिळवणं अवघड नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग फोनच्या कॅमेऱ्याला चिकटून धरलं की वस्तू जेमतेम अडीच सेंटिमीटरवर यावी लागते. स्पष्ट दिसणारा पट्टा तेव्हा मिलिमीटरभराचाच उरतो, म्हणून बोटाने फोकस करायच्या नादी न लागता कोपर जमिनीला टेकून फोनच केसभर मागेपुढे करावा. सकाळी सात-साडेसातला निघा. वारा पडलेला असतो, दव असतं, किडे गारठलेले असतात. ऊन चढल्यावर सावल्या काळ्याकुट्ट पडतात, तेव्हा सावलीच्या बाजूने पांढरा रुमाल किंवा पुठ्ठा धरा. काही वर्षांपूर्वीपर्यंत अजिंठ्याचे वाटाडे असाच आरसा आणि पांढरं कापड धरून बाहेरचं ऊन लेण्यात फिरवत असत.

बांधावर गुडघे टेकण्याआधी काठीने गवत हलवा, पायात बूट असू द्या. घोणस आणि फुरसं गवतात दिसत नाहीत, आणि पावसाळ्यात सर्पदंशाचे पेशंट आमच्याकडे रोजच असतात, त्यांत एका फोटोवाल्याची भर नको. साप दिसला तर त्याचा फोटो लांबूनच घ्या, किंवा घेऊच नका.

गेल्या जुलैत मी भुसावळला गेलो होतो. दफनभूमीच्या कडेला घाणेरी फुलली होती. फोन एक सेंटिमीटर सरकवून तिच्या एका गुच्छाचे दोन फोटो घेतले. पहिल्यात मुंगी होती, दुसऱ्यात ती निघून गेली होती, त्यामुळे जोडी काही जुळली नाही.